अंगावर वाढणारे मासे

डिस्कस माशाचं पिल्लू पहिल्यांदा पोहायला लागतं, तेव्हा त्याच्याकडे फार तर एक-दोन दिवसांची शिदोरी उरलेली असते. अंड्यातून निघताना पोटाशी आलेला बलक संपत आलेला असतो. लांबी चार-पाच मिलिमीटर, आणि तोंड इतकं बारीक की दुकानात मिळणाऱ्या खाद्याचा कण त्यात मावत नाही. अशा वेळी हे पिल्लू आईच्या किंवा बापाच्या कुशीला जाऊन भिडतं आणि त्यांच्या कातडीवरचा चिकट स्राव टिपून खायला लागतं. पुढचे काही दिवस हेच त्याचं मुख्य अन्न. मादी आणि नर, दोघंही पिल्लांना असं अंगावर वाढवतात. एक थकलं की अंगाला झटका देऊन पिल्लांचा घोळका जोडीदाराकडे सोपवतं.

आता समजा, आईबाप अंडी खाऊन टाकणारे निघाले. किंवा दोघांपैकी एक मेलं. किंवा दोघांच्या कल्ल्यांत असे परजीवी आहेत, की पिल्लं त्यांच्याजवळ गेली तर तीही मरतील. अशा पिल्लांचं काय करायचं?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जगभरच्या पैदासकारांनी अनेक दशकं घालवली आहेत. उत्तर मिळालंही आहे. आईबापांविना डिस्कसची पिल्लं वाढवता येतात. मात्र ती वाढवू पाहणाऱ्याला आईबाप नेमकं काय काय देतात याचा हिशेब मांडावा लागतो. तो हिशेब मांडू लागलं, की फक्त अन्नापाशी थांबता येत नाही. या लेखाचा विषय तो हिशेब आहे.

काळ्या पाण्यातलं घर

डिस्कस हा मूळचा अॅमेझॉन खोऱ्यातला मासा. सिक्लिड कुळातला, दोन्ही बाजूंनी दाबलेला, ताटलीसारखा गोल. त्याचं शास्त्रीय वर्णन ऑस्ट्रियाच्या योहान याकोब हेकेल यांनी 1840 मध्ये केलं. नमुना योहान नाटरर यांनी आणलेला होता. नाटरर 1817 मध्ये ब्राझीलला गेले आणि तब्बल अठरा वर्षं तिथे राहून त्यांनी प्राणी-पक्ष्यांचे नमुने व्हिएन्नाला पाठवले. हेकेल यांनी वर्णन केलेली जात सिम्फिसोडॉन डिस्कस. पुढे 1904 मध्ये फ्रान्सच्या जाक पेलेग्रँ यांनी दुसऱ्या प्रकाराची नोंद केली. या वंशात नेमक्या जाती किती, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही.

रिओ निग्रो ही या माशाच्या प्रदेशातली एक मोठी नदी. तिचं पाणी कुजलेल्या पानांच्या अर्कानं तपकिरी-काळं झालेलं, आम्लधर्मी, आणि त्यात क्षार इतके कमी की ते जवळपास पावसाच्या पाण्याइतकं मऊ. पावसाळ्यात नदी फुगते आणि आजूबाजूचं जंगल पाण्याखाली जातं. विल्यम क्रॅम्प्टन यांनी अॅमेझॉनच्या पूरमैदानातल्या डिस्कसच्या राहणीचा अभ्यास केला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात डिस्कस दिसतात ते काठालगत पाण्यात कोसळलेल्या झाडांच्या फांद्यांच्या जाळीत, घोळक्यानं. त्यांचं खाणं म्हणजे मुख्यतः फांद्यांवर धरलेलं शेवाळ, कुजका वनस्पतीजन्य गाळ, वनस्पतींचे तुकडे आणि बारीक कीटक-कवचधारी जीव. विणीचा हंगाम पाणी चढू लागतं तेव्हाचा.

इतक्या मऊ, पोषणद्रव्यं कमी असलेल्या पाण्यात सूक्ष्म जीवांची रेलचेल नसते. पिल्लाला आयुष्याच्या पहिल्याच दिवशी तोंडात मावेल असं भक्ष्य सापडेल याची खात्री नाही, आणि फांद्यांच्या जाळीत त्याला खाणारे मात्र भरपूर. अन्न आणि संरक्षण एकाच जागी मिळण्याचं ठिकाण म्हणजे आईबापांचं अंग. ही सवय डिस्कसमध्ये का रुजली असावी, याचं मला पटणारं स्पष्टीकरण हेच आहे.

रिओ निग्रोच्याच काठावर ब्राझीलचं बार्सेलॉस हे गाव आहे. शोभिवंत मासे पकडून विकणं हा तिथल्या कित्येक कुटुंबांचा पिढ्यांचा व्यवसाय. गावात शोभिवंत माशांचा वार्षिक उत्सव भरतो, आणि त्यात गाव दोन संघांत विभागतं. एक संघ कार्डिनल टेट्राचा, दुसरा डिस्कसचा. एखाद्या माशावर गावानं इतकं प्रेम करावं, हे आपल्याकडे कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

एंजलचं गणित चुकलं

डिस्कस युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोहोचला. तोवर त्याचा नातलग एंजल मासा पैदासकारांच्या हातात चांगला बसला होता. एंजलची अंडी ज्या पानावर किंवा पाटीवर घातली, ती पाटीच उचलायची, वेगळ्या टाकीत ठेवायची, हवेचे बुडबुडे सोडायचे, आणि पिल्लं पोहायला लागली की बारीक जिवंत खाद्य द्यायचं. आईबापांची गरज नाही. उलट ते अंडी खातात, म्हणून दूर ठेवलेलेच बरे.

डिस्कसच्या अंड्यांनाही लोकांनी हीच रीत लावली. अंडी फुटत, पिल्लं पोहायला लागत, आणि समोर खाद्य असूनही काही दिवसांत उपाशी मरत. ज्यांनी अंडी आईबापांजवळच राहू दिली, त्यांना पिल्लं आईबापांच्या अंगावर चरताना दिसली. या निरीक्षणाला शास्त्रीय आधार दिला अमेरिकेतल्या विल्यम हिल्डेमन यांनी. 1959 मध्ये 'अमेरिकन नॅचरलिस्ट' या नियतकालिकात त्यांनी डिस्कसच्या या आगळ्या संगोपनावर निबंध लिहिला. पिल्लं केवळ चिकटून राहत नाहीत, त्वचेचा स्राव खातात, आणि स्राव बनवणाऱ्या पेशी या काळात आईबापांच्या त्वचेत वाढलेल्या असतात, हे त्यातून पुढे आलं.

मग प्रश्न आला, आईबापांचं शरीर हे कशाच्या सांगण्यावरून करतं? 1965 मध्ये ब्लूम आणि फीडलर यांनी सिक्लिड माशांना प्रोलॅक्टिन हे संप्रेरक टोचून पाहिलं. माशांमध्ये पिल्लांची काळजी घेण्याची वागणूक दिसू लागली, आणि डिस्कसच्या त्वचेतला स्राव वाढला. हे प्रोलॅक्टिन आपल्या ओळखीचं. बाळंतिणीला दूध येतं ते त्याच्या प्रभावानं. विशेष म्हणजे या संप्रेरकाला नाव मिळालं ते कबुतरांवरच्या अभ्यासातून. अमेरिकेचे ऑस्कर रिडल आणि त्यांचे सहकारी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला कबुतरांच्या अन्नपिशवीतून पाझरणाऱ्या 'दुधा'वर काम करत होते. तिथेही नर आणि मादी दोघंही पिल्लांना हे दूध भरवतात. मलेशियातल्या पेनांग इथल्या विद्यापीठातील संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं, की पिल्लं वाढवण्याच्या काळात डिस्कसच्या त्वचेत प्रोलॅक्टिनचा निरोप घेणाऱ्या ग्राहकांसाठीचा जनुकीय संदेश वाढलेला असतो. मासा, पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे. तरी लेकरांना स्वतःच्या शरीरातून भरवायची वेळ आली, तेव्हा तिघांनीही एकाच संप्रेरकाची मदत घेतली.

दूध तोडण्याचे दिवस

या विषयावरचा मला सर्वात मोलाचा वाटणारा अभ्यास 2010 चा आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे जोनाथन बकली, कॅथरीन स्लोमन आणि त्यांचे सहकारी यांनी ब्राझीलमधल्या आदाल्बेर्तो वाल यांच्या साथीनं डिस्कसच्या जोड्यांचं निरीक्षण केलं, आणि वेगवेगळ्या टप्प्यांवर त्यांच्या त्वचेचा स्राव तपासला.

अंडी घालताच स्रावातली प्रथिनं वाढली. प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्यंही वाढली. पिल्लं अंगावर चरत होती त्या काळात ती पातळी टिकून राहिली. पोहायला लागल्यापासून पहिले दोन आठवडे पिल्लं आईबापांना सोडत नव्हती. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आईबापांची वागणूक बदलली. ती पिल्लांपासून थोडा वेळ लांब पोहून जाऊ लागली. पिल्लं मागे धावत, आईबाप पुन्हा निसटत. चौथ्या आठवड्यापर्यंत पिल्लं बराच वेळ स्वतंत्रपणे खाऊ लागली, आणि स्रावातली वाढ ओसरत गेली.

याला दूध तोडणंच म्हणावं लागेल. आधी मागेल तेव्हा, मग आईबापांच्या सवडीनं, मग नाही. मासा म्हणजे अंडी टाकून निघून जाणारा प्राणी, ही समजूत किती अपुरी आहे, हे या अभ्यासातून स्पष्ट दिसतं.

पेनांगच्याच संशोधकांनी 2005 मध्ये पिल्लं वाढवणाऱ्या आणि न वाढवणाऱ्या डिस्कसच्या स्रावातली प्रथिनं ताडून पाहिली होती. संगोपनाच्या काळातल्या स्रावात वेगळी प्रथिनं दिसली. त्यांत जंतूंना ओळखून त्यांना अडवण्याच्या कामाशी जोडलेलं लेक्टिन होतं. कॅनडातल्या लावाल विद्यापीठाचे सिल्व्हँ आणि देरोम यांनी 2017 मध्ये आणखी एक धागा जोडला. पिल्लांच्या आतड्यात वसणारे जिवाणू अंशतः या स्रावातून, म्हणजे आईबापांकडून येतात, आणि अंशतः भोवतालच्या पाण्यातून. आईबापांच्या अंगावरून पिल्लू जे खातं, त्यात आतड्यात वस्तीला येणाऱ्या जिवाणूंचं बियाणंही असतं.

पिल्लं वेगळी का काढतात

निसर्गानं इतकी उत्तम सोय केलेली असताना तिच्यात हात घालायचा कशाला? पैदासकारांकडे याची सबळ कारणं आहेत.

पहिलं कारण अंडी खाण्याचं. नवी जोडी पहिल्या काही वेळा अंडी खाते. टाकीसमोर माणसांची ये-जा, शेजारच्या टाकीतली भांडखोर जोडी, अचानक लागलेला दिवा, कशानंही बिथरते. काही जोड्या मात्र कधीच सुधारत नाहीत. अंड्यांभोवती जाळी लावली तर ती वाचतात. पण अंडी फुटून पिल्लं पोहायला लागली, की जाळी काढावीच लागते, आणि कधी कधी पिल्लं तेव्हा खाल्ली जातात.

दुसरं कारण रोगाचं, आणि माझ्या मते तेच सर्वात खरं. डिस्कसच्या कल्ल्यांत चपट्या कृमींचा उपद्रव फार. मोठा मासा त्या कृमींसह वर्षानुवर्षं जगतो. पिल्लाच्या नाजूक कल्ल्यांना मात्र थोड्या कृमीही जिवावर बेततात. पिल्लू आईबापांना चिकटूनच वाढणार, त्यामुळे कृमींची वाट मोकळी. अंडी वेगळी काढून स्वच्छ पाण्यात वाढवली, तर ही साखळी तुटते. एखाद्या उत्तम वंशाला रोगानं ग्रासलं असेल, तर तो वाचवण्याचा हा मार्ग आहे.

तिसरं कारण माणसानंच निर्माण केलेलं. संगोपनाच्या काळात डिस्कसचं अंग गडद होतं, आणि पिल्लं गडद रंगाकडे ओढली जातात. 1990 च्या दशकात थायलंडमधून 'पिजन ब्लड' नावाचा लाल-केशरी छटेचा वाण बाजारात आला आणि जगभर गाजला. या वाणाच्या माशांना अंग पुरेसं गडद करता येत नाही. पैदासकारांचा अनुभव असा, की अशा आईबापांना पिल्लं नीट चिकटत नाहीत, टाकीतल्या काळ्या फिल्टरकडे किंवा हीटरकडेच जातात. मग टाकीतल्या गडद वस्तू झाका, दिवे मंद करा, किंवा पिल्लं दुसऱ्या गडद जोडीच्या अंगावर सोडा. डिस्कसची जोडी जवळपास त्याच वयाची परकी पिल्लं बहुधा स्वीकारते, ही त्यातली मोठी सोय. आपण रंग निवडला, आणि त्या रंगाबरोबर पिल्लांची वाट पुसली गेली.

थाळीतले आठ-दहा दिवस

कृत्रिम संगोपनाचं नाव निघालं की फ्लोरिडाच्या जॅक वॉटली यांचं नाव निघतं. टर्क्वाइज डिस्कसच्या पैदाशीसाठी ते जगभर ओळखले गेले, आणि आईबापांविना पिल्लं वाढवण्याची पद्धत त्यांनी यशस्वी करून दाखवली. पुढे तिच्यात अनेकांनी फेरफार केले. गाभा मात्र तोच राहिला: उथळ थाळी, अंड्याचा बलक, आणि अखंड स्वच्छता.

सुरुवात अंड्यांपासून. डिस्कसची जोडी मातीच्या उभ्या शंकूवर शंभरापासून दोन-तीनशेपर्यंत अंडी चिकटवते. हा शंकू आईबापांच्याच टाकीतलं पाणी भरलेल्या लहान टाकीत हलवतात. आईबाप पंख हलवून अंड्यांवर ताजं पाणी खेळवतात, ते काम इथे हवेच्या बुडबुड्यांना करावं लागतं. न फळलेली अंडी पांढरी पडतात, त्यांच्यावर बुरशी धरते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. ती रोखायला पाण्यात मिथिलीन ब्लू घालतात. 29 अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं आणखी दोन-तीन दिवस डोक्यावरच्या चिकट धाग्यानं जागेलाच लोंबकळत वळवळत राहतात, आणि मग सुटून पोहू लागतात.

इथून खरी परीक्षा. पोहणारी पिल्लं पांढऱ्या, उथळ थाळीत घेतात. पाणी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. थाळी कोमट पाण्याच्या टाकीवर तरंगती ठेवतात, म्हणजे तापमान 29-30 अंशांवर टिकतं. कोंबडीच्या अंड्याच्या बलकाची पूड थोड्या पाण्यात कालवून उगाळलेल्या गंधाइतकी घट्ट करतात, आणि थाळीच्या आतल्या कडेला तिचा पातळ पट्टा ओढतात. तो थोडा वाळू देतात, म्हणजे पाण्यात लगेच विरघळत नाही. मग पट्टा बुडेल इतकं पाणी ओततात. पिल्लं कडेला येतात, पट्ट्याला भिडतात आणि टिपायला लागतात.

या रीतीतलं मर्म पट्ट्याच्या जागेत आहे. बलक पाण्यात नुसता सोडला तर पिल्लं त्यामागे जात नाहीत. भक्ष्याचा पाठलाग करणं या वयात त्यांना फारसं जमत नाही. एखाद्या उभ्या पृष्ठभागाला भिडून, तिथून टिपून खाणं, हे मात्र त्यांना उपजत येतं. एंजलची रीत फसली ती इथेच. वॉटलींच्या पद्धतीनं पिल्लाला भिडायला भिंत दिली, आणि अन्न त्या भिंतीवर ठेवलं.

पण बलक हे माशाचं अन्न नव्हे, आणि तो पाण्यात काही तासांत नासतो. जिवाणू झपाट्यानं वाढतात, पाण्यातला प्राणवायू खातात, आणि अमोनिया साठतो. गरम पाण्यात आणि सामू, म्हणजे पीएच, जास्त असताना अमोनियाचा विषारी अंश वाढतो. इतक्या थोड्या पाण्यात पिल्लांना वाचायला जागाच नसते. म्हणून खाणं झालं, की पिल्लं त्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्याच्या दुसऱ्या थाळीत हलवायची. पहिली थाळी घासून धुवायची. दर तीन-चार तासांनी पुन्हा नवा पट्टा, पुन्हा नवी थाळी. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत हेच चालू. एक फेरी चुकली, तर दुसऱ्या थाळीत घ्यायला पिल्लं उरतीलच असं नाही. आईबापांच्या अंगावर जे अन्न ताजं, स्वच्छ आणि पिल्लाला हवं तेव्हा मिळतं, त्याची किंमत या काळात पैदासकाराला अपुऱ्या झोपेतून चुकवावी लागते.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लं देता येतात. आर्टेमिया हा मिठागरात वाढणारा बारीक कवचधारी जीव. त्याची सुकलेली अंडी डब्यातून मिळतात, खाऱ्या कोमट पाण्यात साधारण चोवीस तासांत फुटतात, आणि निघणारं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतं. ते फुटल्यावर लवकर द्यावं लागतं, कारण स्वतःच्या पोटातला साठा ते तासागणिक खर्च करत असतं. डिस्कसच्या पिल्लांची पोटं नारिंगी दिसू लागली, की ती आर्टेमिया खातात हे कळतं. मग बलक हळूहळू बंद करायचा, आणि आठवडा-दहा दिवसांत पिल्लं स्पंज फिल्टर लावलेल्या टाकीत हलवायची. काही जण बलकाऐवजी किंवा बलकासोबत रोटिफर हे आणखी बारीक जीव वापरतात. ते पाणी तितकं नासवत नाहीत, पण त्यांची पैदास अखंड चालू ठेवणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं.

थाळी काय देऊ शकत नाही

अन्नाची जागा बलकानं घेतली. जवळच्या भिंतीची जागा थाळीनं घेतली. बुडबुड्यांनी पंखांची, मिथिलीन ब्लूनं आईच्या तोंडाची, जिनं बुरशीची अंडी निवडून काढली असती. उरतं काय?

उरतात प्रतिपिंडं. उरतात ती प्रथिनं, जी आईबापांच्या स्रावात फक्त याच काळात वाढतात. उरतं आईबापांकडून येणारं आतड्यातल्या जिवाणूंचं बियाणं. आणि उरतं ते वेळेचं गणित, ज्यात आईबाप पिल्लाची वाढ पाहून आपलं अंग हळूहळू मागे घेतात. थाळीतल्या पिल्लाचं दूध मात्र आपण तोडतो, आपल्या घड्याळाप्रमाणे. थाळीत वाढलेल्या पिल्लांत कल्ल्यांची झाकणं आखूड राहण्याची, वाढ असमान होण्याची तक्रार पैदासकार करतात. तिचं कारण कधी पाणी असतं, कधी आहारातली उणीव. पण या उणिवा भरून काढणारी स्रावातली द्रव्यं बलकात नाहीत, एवढं नक्की.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती याहून वेगळ्या गोष्टीची. जंगलात जी जोडी अंडी खाते, तिचा वंश पुढे जात नाही. ज्या जोडीच्या अंगावर पुरेसा स्राव येत नाही, तिची पिल्लं जगत नाहीत. संगोपनात कच्चे असलेले मासे प्रत्येक पिढीत असे गळतात. थाळीत ही चाळणीच उरत नाही. अंडी खाणाऱ्या जोडीची पिल्लंही चांगल्या जोडीइतकीच जगतात, रंगानं सरस असतील तर अधिक दामानं विकली जातात, आणि पुढच्या पैदाशीत त्यांचाच भरणा होतो. कृत्रिमरीत्या वाढलेला प्रत्येक मासा आईबाप म्हणून नालायक निघतो, असं अजिबात नाही. अशा कित्येक माशांनी पुढे स्वतःची पिल्लं अंगावर वाढवली आहेत. पण ज्या गुणाची पारखच थांबली, तो गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहील, असं मानायला आधार नाही. पिजन ब्लडच्या बाबतीत एका रंगासाठी आपण पिल्लांच्या वाटेत अडथळा घातला. नित्याच्या थाळीनं तेच अधिक खोलवर होऊ शकतं.

आपल्या पाण्यात

हा सगळा पसारा आपल्यापासून दूर नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात, कुर्ल्यात, पुण्या-नागपुरातल्या दुकानांत डिस्कस विकायला असतो. चेन्नईतलं कोळत्तूर हे देशातलं शोभिवंत माशांच्या पैदाशीचं मोठं केंद्र. थायलंड, मलेशियातून आलेले वाण आपल्याकडच्या पैदासकारांच्या टाक्यांत आहेत. मुंबईला तलावांचं मऊ पाणी मिळतं, ही इथल्या पैदासकाराची जमेची बाजू. बोअरवेलच्या जड पाण्यावर चालणाऱ्या गावांत मात्र आरओचं पाणी मिसळावं लागतं, कारण क्षार वाढले की डिस्कसची अंडी फळण्याचं प्रमाण घटतं.

ज्या आर्टेमियावर थाळीतली पिल्लं वाढतात, त्याची भारतातली सुरुवातीची शास्त्रीय नोंद मुंबईचीच आहे. वडाळ्याच्या मिठागरांत तो आढळल्याचं कुलकर्णी यांनी 1953 मध्ये नोंदवलं. आज डब्यातल्या अंड्यांचा मोठा वाटा अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतो.

आणि अंगावर पिल्लं वाढवणारा मासा तर आपल्याच किनाऱ्यावर आहे. केरळ, तमिळनाडू, कर्नाटकाचा किनारा आणि श्रीलंका इथल्या खाड्यांत नारिंगी क्रोमाइड नावाचा लहान सिक्लिड राहतो. त्याची पिल्लं आईबापांच्या अंगाला हलकेच घासून स्राव टिपतात. वॉर्ड आणि बार्लो यांनी 1967 मध्ये या वर्तनाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. याच माशाचा थोरला भाऊबंद म्हणजे केरळचा करीमीन, गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात. कालुंदराची जोडीही अंड्या-पिल्लांची राखण करते. ताटात वाढलेल्या तळलेल्या कालुंदराकडे पाहताना, हा पिल्लं सांभाळणाऱ्या माशांच्या कुळातला आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं. नारिंगी क्रोमाइडची पिल्लं आईबापांविना इतर बारीक खाद्यावरही वाढू शकतात. डिस्कसमध्ये मात्र निसर्गात हीच सवय पहिल्या दिवसांच्या जगण्याची अट होऊन बसली आहे.

थाळी केव्हा, अंग केव्हा

थाळीला विरोध करायचा नाही. रोगानं ग्रासलेला वंश स्वच्छ करायचा असेल, एका जोडीदाराच्या मृत्यूनं पोरकी झालेली पिल्लं वाचवायची असतील, किंवा जंगलातून आलेल्या दुर्मीळ जोडीची पहिली अंडी हातची घालवायची नसतील, तर थाळी हाच मार्ग आहे. ज्यांनी ती पद्धत रात्र-रात्र जागून शोधली आणि इतरांना शिकवली, त्यांचे या माशावर उपकार आहेत. पण ज्या जोडीची पिल्लं केवळ अधिक संख्येनं आणि लवकर विकायची आहेत, तिची अंडी दर खेपेला काढून घेणं हा वेगळा व्यवहार आहे. मादीला पुन्हा अंड्यावर आणायची घाई त्यामागे असते, आणि तिच्या अंगावर आलेला स्राव वाया जातो.

यात करण्यासारखं बरंच आहे, आणि ते फार खर्चिकही नाही. अंडी खाणाऱ्या नव्या जोडीला चार-सहा संधी शांततेत द्याव्यात: टाकी रहदारीपासून दूर, रात्री मंद दिवा, अंड्यांना जाळी. तरीही जमलं नाही, तर थाळीआधी दुसऱ्या जोडीची कूस शोधावी. रोगापायी थाळीत वाढवलेली पिढी मोठी झाली, की पुढच्या पिढीची पिल्लं तिच्याच अंगावर वाढू द्यावीत, आणि ज्या जोड्या हे करू शकतील त्यांनाच पैदाशीत पुढे न्यावं. वंशाच्या नोंदीत रंग आणि आकाराबरोबर पिल्लं कोणी वाढवली, हेही लिहावं. आणि आपण ग्राहकांनी दुकानात उभं राहून किमतीच्या आधी विचारावं, की हे आईबापांच्या अंगावर वाढलेले आहेत का? हा प्रश्न विचारणारे ग्राहक वाढले, तर पिल्लं वाढवू शकणाऱ्या जोडीला बाजारात मोल येईल. आजवर ते फक्त रंगाला आहे.